सांत्वनाचा बंदोबस्त

घरात मृत्यू घडला म्हणजे पहिल्या पंधरवड्यात त्या घरी माणसांची वाण नसते. शेजारी डबे पोचवितात, दूरचे आप्त मुक्कामाला राहतात, कचेरीतील सहकारी भेटून जातात, आणि बँकेच्या व वारसाच्या कागदांवर कोठे सह्या करावयाच्या हे समजावून सांगणाराही कोणी तरी मिळतो. पुढे दीड-दोन महिने लोटले की ही वर्दळ ओसरते. आणि नेमक्या त्याच सुमारास, धावपळ संपून घर शांत झाल्यावर, दुःखिताला आपल्या हानीचा खरा अदमास येऊ लागतो. सोबतीची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच ती सर्वांत दुर्मीळ व्हावी, असे का? येणारे लोक काही निष्ठुर झालेले नसतात. पुष्कळांच्या मनात जावेसे असते. परंतु गेल्यावर बोलावे काय हे सुचत नाही, मागच्या खेपेस बोललेले शब्द वायफळ ठरल्याची बोच असते, आणि उगाच आठवणी कशाला उकरून काढा, या सबबीवर भेट पुढे पुढे ढकलली जाते. सद्भावनेचा तुटवडा नसतानाही सोबत घडत नाही, असे हे कोडे आहे.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुईस या शहरी केनेथ हॉक नावाचे एक लूथरन पाळक होते. ते मानसशास्त्राचेही पदवीधर व व्यवसायाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असल्यामुळे या कोड्याच्या दोन्ही बाजू त्यांना परिचित होत्या. १९७५ साली त्यांनी आपल्या मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासद-समुदायातील, नऊ सामान्य माणसे निवडली, त्यांना पद्धतशीर शिक्षण दिले, आणि एकेका दुःखिताकडे एकेक माणूस नियमाने जाईल अशी तजवीज केली. आज ‘स्टीफन मिनिस्ट्री’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था तेरा हजारांहून अधिक मंडळ्यांनी स्वीकारली असून सहा लाखांहून अधिक सेवकांनी तिचे शिक्षण घेतले आहे, असे तिची मध्यवर्ती संस्था सांगते. या सेवकांत शिक्षक असतात, हिशेबनीस असतात, निवृत्त कारागीर व गृहिणी असतात. ते वैद्य म्हणून किंवा धर्मगुरू म्हणून जात नाहीत, आणि कोणाला मोबदला मिळत नाही. अशा माणसांच्या हातून हे नाजूक काम कसे पार पडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

एका पाळकाचा हिशेब

आरंभ साध्या अंकगणितापासून करावा लागेल. काहीशे कुटुंबांच्या मंडळीला बहुधा एक पाळक असतो. रविवारची उपासना, प्रवचनाची तयारी, बाप्तिस्मे, विवाह, अंत्यविधी, रुग्णालयातील भेटी आणि कमिटीचे कामकाज एवढे सांभाळून त्याच्यापाशी आठवड्याचे काही तासच उरतात. त्याच मंडळीत कोणाचा पती गेलेला असतो, कोणाची नोकरी सुटलेली असते, कोणाचा घटस्फोट चाललेला असतो, तर कोणी कर्करोगाच्या उपचारांत असते. यांपैकी केवळ दहा जणांना दर आठवड्याला एक तास द्यावयाचा म्हटले, तरी जाण्यायेण्याचा वेळ धरून पाळकाचे दोन पूर्ण दिवस संपतात. आणि असा क्रम एक-दोन आठवडे नव्हे, तर कित्येक महिने चालवावा लागतो. पाळक कितीही कनवाळू असो, हा हिशेब त्याला जुळविता येत नाही. मग तो संकटाच्या पहिल्या आठवड्यात धावून जातो आणि नंतर पुढील संकटाकडे वळतो.

ही अडचण ख्रिस्ती मंडळीइतकीच जुनी आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेम येथील पहिल्या मंडळीची हकिकत आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते अशी तक्रार उठली, तेव्हा सर्व भार स्वतःवर घेणे शक्य नाही हे ओळखून प्रेषितांनी मंडळीला सात नेक माणसे निवडावयास सांगितले व ते काम त्यांच्याकडे सोपविले. त्या सातांतील पहिला स्तेफन, म्हणजेच इंग्रजी उच्चारातील स्टीफन, होय. त्याचेच नाव हॉक यांच्या व्यवस्थेने धारण केले आहे. शिवाय सर्वच विश्वासणाऱ्यांना याजकत्वाचा अधिकार आहे, असे धर्मसुधारक मार्टिन लूथर याने सोळाव्या शतकात प्रतिपादिले होते. तेव्हा लूथरन परंपरेतील पाळकाने आपले एक काम मंडळीच्या हाती द्यावे, यात तात्त्विक अडचण नव्हती. अडचण होती ती शिक्षणाची.

पन्नास वर्षांची पूर्वतयारी

दुःखिताशी कसे वागावे ही शिकण्याची विद्या आहे, ही जाणीव विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने आली. अँटन बॉइसेन हे अमेरिकन धर्मोपदेशक स्वतः तीव्र मानसिक आजारातून गेले होते. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे काही विद्यार्थी नेले आणि पुस्तकांबरोबर जिवंत माणसांचाही अभ्यास करावयास लावले. भावी पाळकांनी रुग्णाच्या उशाशी बसून शिकण्याची प्रथा तेथून रूढ झाली.

दुसरा टप्पा एका भीषण दुर्घटनेतून आला. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या रात्रक्लबाला आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांची व मृतांच्या आप्तांची शुश्रूषा करताना एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने शोकाचे बारकाईने निरीक्षण केले, आणि १९४४ साली आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. पुन्हा पुन्हा येणारे उसासे, पोटात पोकळी पडल्याची भावना, अंगातले त्राण जाणे, अन्नाची चव नष्ट होणे, गेलेल्याची मूर्ती डोळ्यांपुढून न हलणे, आपल्याच हातून काही चुकले ही टोचणी, आणि सांत्वनास आलेल्यांवरच येणारा अकारण राग, ही शोकाची स्वाभाविक लक्षणे त्याने नोंदविली. शोक हे माणसाला पार पाडावे लागणारे एक काम आहे आणि ते टाळले तर पुढे विकृत रूपाने डोके वर काढते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहूनही मोलाचे त्याचे दुसरे म्हणणे होय: इतक्या शोकार्तांना तज्ज्ञ पुरणार नाहीत, सबब हे ज्ञान धर्मोपदेशक व समाजसेवक यांच्यापर्यंत पोचलेच पाहिजे.

तिसरा टप्पा लंडनचा. चॅड वारा या अँग्लिकन धर्मगुरूने १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली. ती ज्या चर्चमध्ये झाली त्याचे नावही योगायोगाने सेंट स्टीफन असेच आहे. लोक वारा यांना प्रत्यक्ष भेटावयासही येत; भेट मिळेपर्यंत त्यांना बाहेरच्या खोलीत ताटकळावे लागे, आणि त्यांना चहा देऊन त्यांच्यापाशी बसण्याचे काम काही स्वयंसेवक करीत. पुष्कळ जण या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होतात व आत न येताच परत जातात, असे वारा यांच्या ध्यानी आले. आणि काही महिन्यांतच, १९५४ च्या फेब्रुवारीत, ऐकण्याचे काम त्यांनी त्या स्वयंसेवकांच्या स्वाधीन केले. ‘समॅरिटन्स’ या नावाने ही संस्था आजही चालू आहे. तिचे कार्य धर्मप्रचारापासून अलिप्त आहे, म्हणून ती स्टीफन मिनिस्ट्रीची पूर्वज म्हणता येणार नाही. परंतु सामान्य माणूस उत्तम श्रोता होऊ शकतो, याचा तिच्याइतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

निवड आणि शिक्षण

ज्या मंडळीला ही सेवा सुरू करावयाची असते ती प्रथम आपल्यातील काही जबाबदार माणसे आठवडाभराच्या नायकवर्गाला, म्हणजे ही सेवा चालविणाऱ्या नायकांच्या शिक्षणवर्गाला, पाठविते. परत आल्यावर ही माणसे आपल्या चर्चमध्ये सेवकांची निवड करतात. इच्छा दाखविली की नेमणूक झाली, असा प्रकार नसतो. अर्ज घेतला जातो, मुलाखत होते, आणि जो स्वतःच ताज्या दुःखात आहे किंवा ज्याला उपदेश केल्यावाचून राहवत नाही, त्याला प्रेमाने थांबविले जाते. निवडलेल्यांना सुमारे पन्नास तासांचे शिक्षण मिळते. भावना ओळखणे, ऐकण्याची कला, मर्यादा पाळणे, मरणासन्न माणसाच्या घरी वागणे, वृद्धांची व घटस्फोटितांची सोबत, आत्महत्येच्या विचारांची चिन्हे, तज्ज्ञांकडे केव्हा पाठवावे, आणि शेवटी ही सोबत संपवावी कशी, असे विषय त्यात असतात. पुष्कळसा वेळ परस्परांत प्रसंग रचून सराव करण्यात जातो. त्यानंतर रविवारच्या उपासनेत मंडळीसमक्ष सेवकांची रुजवात होते, आणि बहुधा दोन वर्षे हे काम करण्याचा शब्द ते देतात.

दुःखिताशी गाठ घालून देण्याचे काम नायकांपैकी एक जण करतो. तो आधी दुःखिताला स्वतः भेटतो, त्याची संमती घेतो, आणि नंतर योग्य सेवक निवडतो: स्त्रीसाठी स्त्री, पुरुषासाठी पुरुष. एका सेवकाकडे साधारणतः एका वेळी एकच माणूस असतो. दर आठवड्याला सुमारे एक तास भेट होते, आणि गरज असेल तोवर, मग ते काही महिने असोत की वर्षाहून अधिक, हा क्रम चालतो.

एका तासात काय घडते

पतीच्या निधनाला सहा महिने झालेली एक स्त्री डोळ्यांपुढे आणावी. सेवक म्हणून आलेली बाई स्वयंपाकघरातील टेबलापाशी बसली आहे. दाराजवळच्या खुंटीवर पुरुषाचा हिवाळी कोट अजून लटकतो आहे. घरधनीण त्याकडे बघून म्हणते, “मुलगी म्हणते, हा कोट आता देऊन टाक. मला हात लावता येत नाही त्याला.” अशा वेळी तुमच्याआमच्या तोंडून जी उत्तरे निघतात ती ठरलेली असतात: मुलीचे बरोबर आहे, मन घट्ट करा, किंवा, माझी आत्याही अशीच करायची, किंवा, ते देवाघरी सुखात आहेत, कोटाचे काय घेऊन बसलात. या तिन्ही उत्तरांत हेतू चांगला आहे, आणि तिन्ही उत्तरांनी बोलणे तेथेच संपते. शिकलेली सेविका म्हणते, “हात लावायला गेलात की काय होते?” आणि मग गप्प राहते. ही शांतता अर्धा मिनिट टिकते, आणि ज्याला सवय नाही त्याला ते अर्धे मिनिट फार लांब वाटते. त्यानंतर घरधनीण सांगते, की कोटाच्या खिशात शेवटच्या दिवशीची दवाखान्याची चिठ्ठी आहे, आणि त्या दिवशी आपण दवाखान्यात जायला उशीर केला असे तिला वाटते. सहा महिन्यांत हे तिने कोणाला सांगितलेले नव्हते.

आता सेविकेने “तुमची काहीच चूक नव्हती” असे लगेच म्हटले, तर? ते कदाचित खरेही असेल. परंतु नुकत्याच बाहेर आलेल्या गोष्टीवर झाकण घालण्यासारखेच ते होईल. म्हणून ती एवढेच म्हणते, “उशीर केला, हे इतके दिवस मनात बाळगून होतात.” ऐकलेली गोष्ट, तिच्यातील भावनेसह, आपल्या शब्दांत परत देण्याची ही रीत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कार्यामुळे सर्वत्र मान्य झाली.

हे ऐकणे नेमके काय साधते? गढूळ पाण्याचे उदाहरण घेता येईल. पावसाळ्यातील नदीचे पाणी घागरीत भरून ठेवले तरी त्यातील बारीक माती लवकर तळाशी बसत नाही, कारण तिचे कण एकमेकांना दूर लोटतात व सुटे सुटे तरंगत राहतात. तुरटीचा खडा फिरविला की ते एकत्र येतात, जड होतात आणि खाली बसतात. तुरटी माती काढून घेत नाही, पाण्यात नवे काही स्वच्छ द्रव्यही ओतत नाही. दुःखिताच्या मनात राग, भीती, टोचणी, पैशाची चिंता आणि आठवणी अशाच सुट्या फिरत असतात. लक्ष देऊन ऐकणाऱ्यापुढे त्यांची वाक्ये होऊ लागली की त्या एकत्र येतात, त्यांना नावे मिळतात, आणि त्यांतील कोणती गोष्ट हाताळता येईल व कोणती केवळ सोसावयाची आहे, हे ज्याचे त्याला दिसू लागते.

चौकट : शोकाचे वर्ष
शोकाची तीव्रता सरळ रेषेत उतरत नाही. हॉक यांनी शोकार्तांसाठी चार लहान पुस्तिका लिहिल्या असून त्या निधनानंतर तीन आठवडे, तीन महिने, सहा महिने व अकरा महिने या मुदतींवर पाठविल्या जातात. त्यांतील शेवटची मुदत मुद्दाम पहिल्या स्मृतिदिनाच्या आधीची ठेवली आहे, कारण तो दिवस जवळ येऊ लागला की दुःख पुन्हा उसळते.

बरे करण्याचे काम कोणाचे

या सेवेला ख्रिस्ती म्हणावयाचे ते कशावरून, असा प्रश्न येथे उभा राहील. कारण वर वर्णिलेले ऐकणे कोणत्याही धर्माच्या अथवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसालाही साधेल. पवित्र शास्त्रातील वचने आणि प्रार्थना यांचा उपयोग सेवक करतात, परंतु तो समोरच्याची इच्छा विचारून, आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यानंतर. वर सांगितलेल्या भेटीच्या शेवटी प्रार्थना झाली, तर तिच्यात त्या कोटाचा आणि त्या उशिराचा उल्लेख येईल. ठराविक शब्दांची आवृत्ती होणार नाही. जुन्या करारातील ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. पुढे ते ईश्वराच्या न्यायाची उपपत्ती सांगू लागले, आणि ग्रंथाच्या शेवटी ईश्वराचा कोप झाला तो याच उपपत्ती सांगणाऱ्यांवर.

परंतु या सेवेचे ख्रिस्तीपण मला याहून खोल ठिकाणी दिसते. हॉक यांची शिकवण अशी, की सोबत करणे हे सेवकाचे काम आणि बरे करणे हे ईश्वराचे काम. सेवकाने प्रक्रियेकडे लक्ष द्यावे, परिणामाची जबाबदारी स्वतःकडे घेऊ नये. ही केवळ नम्रतेची भाषा नव्हे, तिला व्यावहारिक अर्थ आहे. परिणामाची जबाबदारी घेतलेला माणूस अधीर होतो. समोरचा महिन्याभरात सावरला नाही तर तो सल्ल्यांचा मारा करतो, मग चिडतो, आणि अखेरीस दूर होतो. पहिल्या पंधरवड्यानंतर लोक येईनासे होतात त्याचे एक कारण हेच असावे: आपल्या येण्याने काही फरक पडत नाही, असे त्यांना वाटते. बरे करण्याचा भार ज्याने खाली ठेवला आहे, तो विसाव्या आठवड्यातही त्याच मनाने दार ठोठावू शकतो.

गुप्तता आणि तिचे अपवाद

भेटीत निघालेला मजकूर सेवक कोणालाही सांगत नाही, पाळकालाही नाही व स्वतःच्या पत्नीलाही नाही. चर्चसारख्या जवळच्या समाजात, जेथे रविवारी सर्व जण सर्वांना भेटतात, तेथे ही अट किती आवश्यक आहे हे सांगणे नको. तथापि ती निरपवाद नाही. कोणी आत्मघाताच्या बेतात असेल, दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल, किंवा एखाद्या बालकावर अत्याचार होत असेल, तर सेवकाने गप्प बसावयाचे नाही. तातडीने नायकाला व तज्ज्ञांना कळवावयाचे. तीव्र मनोविकार, व्यसन, दीर्घ खिन्नता ही सेवकाच्या अखत्यारीबाहेरची प्रकरणे होत, आणि त्यांची चिन्हे वेळीच ओळखून योग्य दाराशी माणसाला पोचविणे, हाच तेथे सेवेचा भाग ठरतो.

सर्वांत महत्त्वाची बैठक

वाचणाऱ्याला वाटेल, की या सर्व योजनेचा कणा पन्नास तासांच्या शिक्षणात आहे. मला तसे वाटत नाही. शिकलेले विसरते, उत्साह मावळतो, आणि दुसऱ्याचे दुःख दर आठवड्याला ऐकणारा माणूस नकळत स्वतः खचू लागतो, किंवा याच्या उलट, आपल्यावाचून समोरच्याचे चालणार नाही अशा सुखद भ्रमात पडतो. यावर या व्यवस्थेने काढलेला तोडगा असा: महिन्यातून दोनदा सर्व सेवक लहान गटांत बसतात, आणि प्रत्येक जण आळीपाळीने आपल्या कामाचा हिशेब सहकाऱ्यांपुढे ठेवतो. दुःखिताचे नाव सांगावयाचे नाही, ओळख पटेल असा तपशील द्यावयाचा नाही. त्याची कहाणी हा चर्चेचा विषयच नसतो. सेवकाला विचारले जाते ते त्याच्या स्वतःविषयी: मागच्या भेटीत तू अधिक बोललास की ऐकलेस? कोणत्या क्षणी तुला अस्वस्थ वाटले, आणि मग तू काय केलेस? एक तासाची भेट अडीच तास का लांबते आहे? ही सोबत आता संपविण्याची वेळ आली असून तूच ती टाळतो आहेस काय?

हे शेवटचे प्रश्न बोचणारे आहेत, आणि ते विचारणारे लोक अधिकारी नसून त्याच्याच बरोबरीचे सेवक आहेत, म्हणून ते ऐकून घेतले जातात. मुलांची, रुग्णांची, दुःखितांची एकांतात सेवा करणाऱ्या माणसावर कोणाची तरी नजर असणे त्या सेवार्थीच्या सुरक्षिततेसाठीही अत्यावश्यक आहे. धर्मसंस्थांत विश्वासाच्या नावाखाली जे अनाचार घडले, त्यांपैकी पुष्कळ अशाच जागी घडले, जेथे एकांत होता आणि जाब विचारणारा कोणी नव्हता. दयाळू माणसांना बंदोबस्त कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

आपल्याकडील ज्या पाळकाला किंवा मंडळीच्या कमिटीला असे काही सुरू करावेसे वाटेल, त्यांना माझी एक विनंती आहे. मोठ्या संख्येने सेवक नेमण्याची घाई करू नका. हॉक यांनीही नऊ जणांवरच आरंभ केला होता. आधी पंधरवड्याच्या त्या बैठकीचा वार व वेळ मुक्रर करा, ती चालविणारा विश्वासू माणूस शोधा, आणि ती दोन वर्षे खंड न पडता भरेल याची खातरजमा करा. तेवढे झाल्यावरच पहिल्या सेवकाला पहिल्या घराचा पत्ता द्या.